पुरीएवढ्या चाकाचा हिशोब

पाणीपुरीच्या पुरीएवढं एक चाक घ्या. रुंदी चाळीस मिलिमीटर, वजन काही तोळे, अंगावर वाकडी-तिकडी वाटणारी पण फार विचारपूर्वक वळवलेली पाती. आता ते मिनिटाला दोन लाख वेळा फिरवा.

दोन लाख! हा आकडा वाचून पुढे पळू नका, जरा थांबा. घरातला छताचा पंखा पाच नंबरवर टाकला तर मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास फेरे घेतो. विहिरीवरची मोटर त्याहून कितीतरी तेज, मिनिटाला २,८८०. आणि आपलं चाक? सेकंदाला ३,३३३. सेकंदाला, बरं का! मोटर मिनिटभर घरघरून जेवढे फेरे घेते, त्याहून जास्त हे चाक एका सेकंदात घेऊन मोकळं होतं. पंख्याला तेवढ्या फेऱ्यांसाठी साडेनऊ मिनिटं लागतील.

हे चाक टर्बोचार्जरमधलं. साताऱ्यात, कराडात, इस्लामपुरात, सांगली-मिरजेत कुठल्याही बऱ्या गॅरेजमध्ये संध्याकाळी जा. जुनी पण जोरकस गाडी घेतलेला एखादा तरुण मिस्त्रींना हमखास विचारत असतो, ‘मोठा टर्बो टाकला तर किती पिकअप वाढेल? पण बजेट कमी आहे हं!’ प्रश्न दोन ओळींचा. उत्तरात मात्र कोयना धरण येतं, उसाच्या बैलगाड्या येतात, मिरजेचं रेल्वे इंजिन येतं. चला, एकेक करून मोजू या.

यंत्र समजायला सोपं आहे. सायलेन्सरकडे निघालेल्या धुराच्या वाटेत एक चाक आडवं घातलेलं. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चाक. धूर पहिल्याला फिरवतो, दुसरं बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतं. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. आल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस इंजिनिअरने १९०५ साली याचं पेटंट घेतलं. शास्त्र त्याच्यावर सोपवू. आपल्याला आकडे हवेत.

पहिला आकडा वेगाचा. चाकाचा घेर साडेबारा सेंटिमीटर. सेकंदाला ३,३३३ फेरे. म्हणजे पात्याचं टोक सेकंदाला सुमारे ४१९ मीटर धावतं, तासाला दीड हजार किलोमीटर! आवाज तासाला साडेबाराशेच्या आसपास धावतो. पात्याचं टोक त्याच्याही पुढे. सातारा ते सांगली साधारण सव्वाशे किलोमीटर: पाच मिनिटं. मुंबई ते पुणे दीडशे किलोमीटर: सहा मिनिटं. १९३० पासून धावणारी आपली डेक्कन क्वीन रुळांवरचं १९२ किलोमीटर अंतर कापायला तीन तासांहून जास्त घेते. पात्याचं टोक तेच आठ मिनिटांच्या आत कापेल. डायनिंग कारमधला चहा निवायच्या आत शिवाजीनगर! आणि ताशी १६० किलोमीटरची वंदे भारत? तिच्या नऊ पट वेग, तोही बॉनेटच्या आत, एका मुठीएवढ्या डब्यात.

इतक्या वेगाने गोल फिरणाऱ्या वस्तूचं वजन कसं वाढतं ते पाहा. चाकाच्या कडेला असलेल्या कणाला आपल्या वजनाच्या जवळजवळ नऊ लाख पट जोराने बाहेर खेचलं जातं. नऊ लाख पट! कडेला एक ग्रॅम धातू असेल तर तो नऊ क्विंटलच्या जोराने सुटायला बघतो. सांगलीच्या सराफकट्ट्यावर जुनी माणसं अजून गुंजेचं माप सांगतात. गुंज म्हणजे ग्रॅमचा साधारण आठवा हिस्सा. एका बाजूला गुंजभर धातू जास्त राहिला, तर दर फेऱ्याला चाकाच्या त्या बाजूला एक क्विंटलहून जास्त ओढ बसणार. सेकंदाला ३,३३३ वेळा, दर वेळी नव्या दिशेने. आणि हे सगळं पेलणारा दांडा केवढा? पाच-सहा मिलिमीटरचा, शिसपेन्सिलीहून बारीक. त्याला आधार कशाचा? तेलाच्या एका थराचा, केसाहूनही पातळ. म्हणूनच चांगल्या टर्बोचा तोल मिलिग्रॅममध्ये साधतात. सोनारसुद्धा लाजेल.

आता उष्णतेकडे या. पेट्रोल इंजिनाचा धूर पूर्ण जोरात टर्बोपाशी पोचतो तेव्हा ९५० अंश सेल्सिअसपर्यंत गेलेला असतो. अॅल्युमिनियम ६६० अंशांना पाणी होतं. हुपरीच्या कारागिरांची चांदी ९६२ अंशांना वितळते, म्हणजे धूर चांदीच्या उंबरठ्यावर उभा. आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला, जेमतेम चार बोटं अंतरावर, बाहेरची तीस अंशांची हवा आत येत असते. भट्टी आणि ओसरी एकाच काठीवर! तासभर गाडी पळवून ढाब्यावर पोचल्या पोचल्या इंजिन बंद करू नका, असं जुने ड्रायव्हर सांगतात ते याचसाठी. तेल फिरायचं थांबतं आणि चार बोटांवरची भट्टी ते तिथल्या तिथे करपवते.

इथे आपल्या मातीतला एक दाखला आठवल्याशिवाय राहवत नाही. बेळगावात १८८८ साली सायकलच्या दुकानापासून सुरुवात केलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने आजच्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी वसवली. आधी नांगर, मग पंप. त्या पंपाचं पोट उघडून पाहा. मधोमध पाणी शिरतं, फिरणारं चाक ते कडेला भिरकावतं, बाहेरच्या शंखासारख्या घरात त्याचा वेग दाबात बदलतो. टर्बोमध्ये पाण्याच्या जागी हवा घाला, झालं! टर्बो म्हणजे हवेचा पंप. तिकडे साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी १९२२ साली कारखाना काढला, पुढे तिथे डिझेल इंजिनं बनू लागली. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधानही झाले. फलटणला आज कमिन्सचा भलामोठा इंजिन प्रकल्प आहे. म्हणजे पंप आणि इंजिन या दोन्ही गोष्टी कृष्णाकाठच्या माणसाला नव्याने शिकवाव्या लागत नाहीत. पुढचा सगळा हिशोब आपण पंपाच्याच भाषेत करू.

गाडी कुठली धरायची? २०१३ साली आलेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय धरू. चाकणची पैदास, म्हणजे आपल्याच घरची. एमएच १० आणि एमएच ११च्या पाट्या मिरवत सेकंडहँड बाजारात अजून दिसते. इंजिन फक्त १,१९७ सीसी, म्हणजे सव्वा लिटरही नाही. ताकद १०५ एचपी. शेतकरी मित्रांसाठी सांगतो: साडेसात एचपीच्या चौदा मोटरी! अख्ख्या वस्तीच्या विहिरींवरच्या मोटरी एका बॉनेटखाली.

आणि आता ही गाडी श्वास किती घेते ते पाहा. पूर्ण जोरात सेकंदाला साधारण ६६ लिटर हवा. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सात-आठ लिटर घेतो. म्हणजे एक पोलो पाचशेहून जास्त माणसांचा श्वास एकटी पिते. बारा-तेरा एसटी गाड्या खच्चून भरा, सगळ्यांना स्वस्थ बसवा, तेवढा! आपल्याकडची वीस फूट रुंद, चाळीस फूट खोल विहीर घ्या. तिच्यात साडेतीन लाख लिटर मावतात. एवढी हवा गाडी दीड तासात पिऊन टाकते. आता गंमत उलटी करा. हीच ताकद पंपाला जोडली, पंप साठ टक्के कार्यक्षम धरला आणि पाणी चाळीस फुटांवरून उचललं, तर तीच विहीर पाण्याने काठोकाठ भरलेली असली तरी पंधरा मिनिटांत कोरडी! हवा प्यायला दीड तास, पाणी उपसायला पाव तास.

विहीर किरकोळ वाटत असेल तर कोयना घ्या. १०५.२५ टीएमसी. म्हणजे २ लाख ९८ हजार कोटी लिटर. एवढी हवा एका पोलोने प्यायची ठरवली, तर न थांबता, पूर्ण जोरात, रात्रंदिवस, १,४३० वर्षं लागतील. बदामीच्या चालुक्यांच्या काळात चावी फिरवायला हवी होती!

बरं, या हवेला दाबायला टर्बोला किती ताकद लागते? हा माझा सगळ्यात आवडता आकडा. मूळ गाडीत पूर्ण जोरात सुमारे साडेसहा एचपी. म्हणजे जवळजवळ तुमच्या शेतातली मोटर! ती मोटर हलवायला दोन माणसं लागतात. हे चाक शर्टाच्या खिशात मावतं. आणि ही ताकद येते कुठून? फुकट. पेट्रोलमधल्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा धुराबरोबर बाहेर जातो. पोलोच्या हिशोबात ती उधळपट्टी होते १२० एचपीची. चाकांना १०५, सायलेन्सरला १२०! मालकापेक्षा पाहुण्याचं ताट मोठं. टर्बो त्या ताटातून फक्त साडेसहा उचलतो आणि त्यावर हा सारा खेळ करतो.

आता मूळ प्रश्नावर या. समजा, १०५चे १५० करायचे आहेत. खिशात दीड लाख रुपये आहेत, तेही घरी कुठे गेले ते न सांगता. नवी असताना ही गाडी आठ लाखांच्या आसपास होती. म्हणजे कंपनीने एक एचपी आपल्याला सुमारे ७,६०० रुपयांना विकली. आपण दीड लाखात ४५ मिळवणार, म्हणजे एक एचपी पडली ३,३३३ रुपयांना. पुन्हा ३,३३३! योगायोगच, पण काय देखणा योगायोग. निम्म्याहून कमी भाव! आणि मिळालं काय? साडेसातच्या आणखी सहा मोटरी. चौदाच्या वीस झाल्या. आटपाडीजवळच्या खरसुंडीच्या बाजारात खिलार बैलाची किंमत ऐकून आलेल्याला तर हे दान वाटेल.

पण ४५ एचपी एकट्या येत नाहीत, वरात घेऊन येतात.

हवा सेकंदाला ६६ लिटरवरून ९५ लिटरवर गेली. विहीर दीड तासाऐवजी तासाभरात संपली. कोयना १,४३० ऐवजी हजार वर्षांत. सव्वाचारशे वर्षं वाचली! पण आता हवा बाहेरच्या दाबाच्या दुप्पटीहून जास्त दाबावी लागते, आणि चाकाला लागणारी ताकद साडेसहावरून उडी मारते थेट सोळा एचपीवर. पुरीएवढ्या चाकावर दोन मोटरींहून जास्त भार! दाबलेली हवा तापते. तीस अंशांची आत आलेली हवा १४० अंशांच्या घरात पोचते. उकळत्या पाण्याहून गरम हवा सिलिंडरात पाठवली की इंजिन ठोकायला लागतं, म्हणून ती हवा थंड करणारा मोठा इंटरकूलर घ्या. झाला खर्च.

पेट्रोल पाहा. मूळ गाडी पूर्ण जोरात तासाला तीस लिटर पिते. लिटरला शंभरच रुपये धरले (धरायला काय जातं!) तर मिनिटाला पन्नास रुपये. नव्या हिशोबात तासाला ४३ लिटर, मिनिटाला सत्तर रुपयांच्या वर. दर मिनिटाला मिसळीची एक प्लेट! एवढं पेट्रोल ढकलायला जुने इंजेक्टर आणि पंप अपुरे पडले तर तेही बदला. झाला खर्च.

पिस्टन पाहा. व्यास ७१ मिलिमीटर, तळहातावर मावणारा. स्फोटाच्या क्षणी दाब शंभर बार धरला, तर त्याच्या डोक्यावर चार टन पडतात. कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या दोन भरगच्च बैलगाड्या! मिनिटाला पाच हजार फेऱ्यांवर असं सेकंदाला ४२ वेळा घडतं, एकेका पिस्टनवर. ४५ एचपी वाढवल्यात ना? मग चार टनांचे साडेपाच होतात. दोनच्या जवळजवळ तीन बैलगाड्या. ४२ वेळा. सेकंदाला. चारही पिस्टनांवर. तो बिचारा पिस्टन दोन गाड्यांच्या बोलीवर कामाला आला होता.

आणि गिअरबॉक्स! या पोलोतल्या सात गिअरच्या डीएसजीची पेलण्याची हद्द २५० न्यूटन मीटर. म्हणजे एक मीटरच्या पान्याच्या टोकाला साडेपंचवीस किलो लटकवल्यावर जो पीळ पडेल तेवढा. मूळ इंजिन १७५ देतं, म्हणजे अठरा किलो. मोठा टर्बो हौसेने चढवला, बूस्ट वाढवला, की काटा बघता बघता २५०ला टेकतो. पुढचं एक किलो गिअरबॉक्सच्या खर्चातून जातं, आणि तो खर्च दीड लाखाच्या बजेटला विचारत नाही. मला तर वाटतं, सांगली-साताऱ्याच्या पोरांनी टर्बोचा कॅटलॉग उघडण्याआधी क्लचचा उघडावा.

बरं, मोठं चाक म्हणजे किती मोठं? लोक म्हणतात, थोडंसंच मोठं घेऊ. चाळीसऐवजी पन्नास मिलिमीटर. दहाच मिलिमीटर वाढले. पण फिरणाऱ्या चाकाचा जडपणा व्यासाच्या पाचव्या घाताने वाढतो! रुंदी सव्वापट, जडपणा तिप्पट. धूर तेवढाच, चाक तिप्पट आळशी. यालाच म्हणतात लॅग. तुम्ही पाय दाबता, आणि टर्बो ‘येतो येतो’ म्हणतो. ताशी ८० किलोमीटरवर दोन सेकंदांचा लॅग म्हणजे ४४ मीटर. पेठ नाक्याच्या पुढे दुपदरी रस्त्यावर दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर ओलांडायला तुम्ही बाहेर निघालात, समोरून एसटी येतेय, आणि ताकद ४४ मीटर मागे राहिलीय. विहिरीला पाणी पाच एचपीचं आणि मोटर पंधराची, असला हा प्रकार. मोटर जोरात फिरते आणि पाइपातून नुसती हवा येते, हे कुठल्याही बागायतदाराला विचारा.

म्हणून मिस्त्री लोकांत एक शहाणा रस्ता रूढ आहे: त्याच इंजिनाच्या कुटुंबातला थोरला टर्बो शोधा. पुण्याजवळ रांजणगावला फियाटचं १,२४८ सीसीचं मल्टिजेट डिझेल इंजिन बनायचं. ते इतक्या गाड्यांत बसलं की लोक त्याला देशाचं इंजिन म्हणायला लागले. साध्या टर्बोसह साधारण ७५ एचपी, पाती वळवणाऱ्या टर्बोसह ९०च्या वर. इंजिनाचा ठोकळा तोच! त्याहून भन्नाट उदाहरण स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएसचं. १,७८१ सीसी, के-०३ नावाचा टर्बो, १५० एचपी. त्याच कुटुंबातलं, तेवढ्याच सीसीचं इंजिन परदेशात ऑडी टीटीमध्ये के-०४ टर्बो घेऊन आलं आणि त्याने दिले २२५! पंचाहत्तर जास्त. दहा मोटरी! पण टर्बोबरोबर त्या टीटीत इंटरकूलर एक नाही, दोन होते. इंजेक्टरही मोठे. वरात कंपनीलाही चुकली नाही.

आणि स्वस्तातला बिननावाचा टर्बो? तिथे मात्र मी हात आखडता घेईन. गुंजभर फरक म्हणजे क्विंटलभर ओढ, हे वर पाहिलंच. त्या तोलाला पैसे पडतात. तो नसला की आधी शिट्टी बदलते, मग मागे निळसर धूर येतो, मग गाडी तेल पिते, आणि मग मिस्त्री डोक्याला हात लावून म्हणतात, ‘टर्बो गेला.’ चाकाचे तुकडे इंजिनाच्या पोटात गेले तर दीड लाखाला आणखी एक शून्य लावायची तयारी ठेवा. दीड लाखच असतील तर माझा क्रम सरळ आहे. आधी प्लग, तेल, पाइप, गळती नीट करा. मग आहे त्या टर्बोवर चांगल्या माणसाकडून रिमॅप, म्हणजे इंजिनाच्या संगणकाची नव्याने जुळवणी. टर्बो-पेट्रोल गाडीत यातूनच वीस ते तीस टक्के ताकद वाढू शकते, म्हणजे ४५ पैकी वीस-तीस एचपी इथेच हातात. उरलेल्यासाठी हा एवढा खटाटोप करायचा का, ते नंतर ठरवा. शिवाय आरटीओ आहेच. नोंदणीच्या कागदावर जे लिहिलंय त्यात परवानगीशिवाय फेरफार करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं.

उंचीचाही हिशोब करून टाकू, महाबळेश्वर आपल्याच जिल्ह्यात असताना तो सोडायचा कशाला? साडेतेराशे मीटरवर हवा समुद्रकाठच्या मानाने बारा-तेरा टक्के विरळ. साधं १०० एचपीचं इंजिन तिथे पोचता पोचता बारा-तेरा घोडे वाटेत सोडून देतं. टर्बो काय करतो? जरा जास्त फिरतो, एवढंच. १९१८ साली सॅनफर्ड मॉस या अमेरिकन इंजिनिअरने लिबर्टी विमान-इंजिन पाइक्स पीक डोंगराच्या माथ्यावर नेलं, १४,००० फुटांवर, म्हणजे महाबळेश्वराच्या तिप्पट उंचीवर. खाली ३५० एचपी देणारं इंजिन वर २३०वर आलं. टर्बो लावला: ३५६! डोंगर चढून ताकद वाढली!

आता आकड्यांना मोकळं सोडू. पुणे-मिरज मार्गावरची कोयना, महालक्ष्मी ओढणारी जुनी डिझेल इंजिनं आठवा. डब्ल्यूडीएम-२, सोळा सिलिंडर, तेही टर्बोवालं, १७५ लिटरचं पोट, ताकद २,६०० एचपी. लिटरमागे पंधरा. आपली पोलो? लिटरमागे ८८! टर्बो वाढवलेली पोलो? १२५! आणि १९८०च्या दशकात फॉर्म्युला वन शर्यतीतल्या बीएमडब्ल्यूच्या दीड लिटर टर्बो इंजिनाने हजार एचपी ओलांडल्या. लिटरमागे साडेसहाशेहून जास्त! पाण्याच्या मोठ्या बाटलीएवढ्या पोटातून साडेसातच्या १३३ मोटरी! मिरजेच्या त्या रेल्वे इंजिनाने त्याच हिशोबाने ताकद दिली असती तर? एक लाख सोळा हजार एचपी. असली तेवीस इंजिनं यार्डात ओळीने उभी केली की कोयनेचा १,९६० मेगावॅटचा अख्खा वीजप्रकल्प मागे पडला. ती बीएमडब्ल्यूची इंजिनं पात्रता फेरीच्या मोजक्या चकरांपुरतीच असत, हे रेल्वेला सांगू नका.

आणि फेरे? एका पोलोने एक लाख किलोमीटर केले, सरासरी ताशी ५०ने. दोन हजार तास. टर्बो सरासरी मिनिटाला ८०,००० फिरला असं धरू. एकूण फेरे ९६० कोटी! जगातल्या प्रत्येक माणसामागे एक, वर शंभराहून जास्त कोटींची शिल्लक. गाडी चालली एक लाख किलोमीटर, पात्याचं टोक चाललं बारा लाख. चंद्रापर्यंतचं अंतर तीनदा!

ही झाली एक गाडी. आता साताऱ्याच्या बायपासवर उभे राहा. समजा, दिवसाला दहा हजार टर्बोवाली वाहनं इथून पेठ नाक्याकडे जातात: ट्रक, ट्रॅव्हल्स, टेंपो, मोटारी. दीड तासाची वाट, टर्बोचे सरासरी साठ हजार फेरे मिनिटाला. दिवसाचे फेरे ५,४०० कोटी. कोटी आता अपुरे पडायला लागले, शाळेत पाठ केलेली पुढची पायरी काढा: साडेपाच खर्व, जवळजवळ. दोन दिवसांत निखर्व. वीस दिवसांच्या आत महापद्म! वर्षभरात दोन शंकू! पाच वर्षांत जलधी! पन्नास वर्षांत अंत्य! पाचशे वर्षांत मध्य! आणि आपल्या मोजणीचं शेवटचं टोक, एकावर सतरा शून्यं, परार्ध? साताऱ्याहून निघालेल्या साध्या वाहनांना तिथे पोचायला पाच हजार वर्षं लागतील. त्या दहा हजारांच्या जागी दहा हजार पोलो, पाय खाली दाबून, दोन लाख फेऱ्यांवर सोडा: दीड हजार वर्षांत परार्ध पार, आणि पेट्रोलचं बिल दर दीड तासाला साडेचार कोटी!